पाणी पत्ता विचारून येतं

(या भागाचं लिखित रूप. ऐकताना जसं बोललो, जवळजवळ तसंच ठेवलंय.)

कानात इअरफोन असतील, कुणी मेट्रोत असाल, कुणी जेवण झाल्यावर गच्चीवर. आज एक छोटंसं काम सांगतो आणि मग सुरू करतो. तुमच्या घरी आज नळ किती वाजता आला आणि किती वेळ होता, हे आठवून बघा. आठवत नसेल तर घरातल्या बाईमाणसाला विचारा. आई, बहीण, वहिनी, कुणीही. त्यांना बरोबर माहीत असतं. आणि तुम्हाला आठवलंच नाही, तर त्याचाही अर्थ आहे. त्यावर आपण शेवटी येऊ.

मी वाढलो नागपूरच्या बाहेरच्या अंगाला, एका लेआऊटमध्ये. नाव सांगत नाही, कारण तशी शेकडो आहेत. रस्ते मुरमाचे, पावसाळ्यात चिखल, आणि पाणी म्हणजे टँकर. टँकर यायचा दुपारी चार ते सहाच्या मध्ये कधीतरी. या 'कधीतरी'नं आमच्या घराचं वेळापत्रक ठरायचं. कोपऱ्यावर हॉर्न वाजला की एकच आरडाओरडा, "आला वो, टँकर आला!" आणि सगळी गल्ली गुंड, बादल्या, कॅन घेऊन पळायची. पाइप कोणाच्या ड्रममध्ये आधी, यावरून रोजची भांडणं. चांगली चांगली माणसं तिथं एकमेकांच्या जिवावर उठायची.

आमच्या घरून लाइनमध्ये ताई उभी राहायची. ती बारावीला होती, मी आठवीत. आई कामावर, बाबा कामावर. ताईचा गणिताचा क्लास पाचला आणि माझा इंग्रजीचा साडेचारला. ती म्हणायची, "तू जाय क्लासले, पाण्याचं मी पाहते." मी जायचो. वर्षभर गेलो. ताई बारावीला गणितात गेली. घरात म्हणाले, तिचं लक्ष नव्हतं. मीही तेच धरून चाललो, पुढची कितीतरी वर्षं.

आता हे सगळं डोक्यात ठेवून एक प्रश्न बघू. नागपुरात पाणी कमी आहे का?

नाही. म्हणजे मराठवाड्यासारखं तर नाहीच. २०१६ मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी न्यावं लागलं होतं. पहिली गाडी १२ एप्रिलला पोचली. दहा वाघिणी, साधारण पाच लाख लिटर. आपल्यावर तशी वेळ आली नाही. आपल्याकडे पेंच आहे. तोतलाडोहचं धरण, त्याखाली नवेगाव खैरीचं. तिथून पाणी शहराकडे येतं, गोरेवाड्याला शुद्ध होतं. दुसरीकडे कन्हान नदी. शिवाय नागपूर हे देशातल्या अशा पहिल्या मोठ्या शहरांपैकी आहे, ज्यांनी सगळ्या शहराला चोवीस तास पाणी द्यायचं ठरवलं. आधी धरमपेठ झोनमध्ये प्रयोग झाला. मग मार्च २०१२ पासून ऑरेंज सिटी वॉटर या कंपनीकडे २५ वर्षांसाठी काम गेलं.

या कराराच्या बाजूनं आणि विरोधात भरपूर बोललं गेलंय. मी आज त्या वादात जात नाही. पण चोवीस तास पाणी हा चैनीचा विषय नाही, हे समजून घ्या. नळाला दिवसातून तासभर पाणी येतं, तेव्हा उरलेले तेवीस तास पाइप रिकामा असतो. रिकाम्या पाइपमध्ये दाब नसतो. जमिनीत बाजूनं गटार वाहत असेल आणि पाइपला भेग असेल, तर घाण आत ओढली जाते. मग पाणी सुटलं की पहिल्या दोन बादल्या गढूळ, वास मारणाऱ्या. पहिल्या पावसात वस्तीत गॅस्ट्रो, कावीळ सुरू होते, त्याचं एक मोठं कारण हे आहे. पाइप कायम भरलेला असेल तर गळती बाहेर होते, घाण आत येत नाही. म्हणजे ज्याच्याकडे पाणी कमी वेळ येतं, त्याच्याकडे ते घाण येण्याची शक्यताही जास्त.

मग पाणी आहे, धरण आहे, योजना आहे, तर आमच्या गल्लीत टँकर का? याचं उत्तर आभाळात नाही, कागदात आहे. शहर वाढलं तसं लोकांनी शेतजमिनीचे तुकडे घेतले. ले-आऊट मंजूर नाही, अकृषक परवानगी नाही, पण प्लॉट स्वस्त. आमच्या बाबांसारखी माणसं, ज्यांचा पगार मंजूर ले-आऊटला पुरत नव्हता, ती तिथं गेली. सरकारनं २००१ मध्ये गुंठेवारीचा कायदा केला, अशा वस्त्या नियमित करायला. नागपुरात '५७२' आणि '१९००' हे आकडे बोलले की बाहेरच्याला काही कळणार नाही, पण दक्षिण आणि पूर्व नागपुरातल्या माणसाला लगेच कळतं, की हा लेआऊटबद्दल बोलून राहिला. अर्ज, विकास शुल्क, नकाशा, मग नियमितीकरणाचं पत्र, मग रस्ता, मग लाइन. या रांगेत दहा-पंधरा वर्षं जातात. टँकरची रांग आपल्याला दिसते. ही रांग दिसत नाही, पण टँकरची रांग तिच्यातूनच तयार होते.

आणि लाइन आली तरी सगळं संपत नाही. पाणी जलकुंभातून उताराला येतं. कुंभाजवळच्या घराला दाब जास्त, शेवटच्या घराला कमी. मध्ये कुणी नळाला टिल्लू पंप लावला, की शेवटच्या घराची फक्त हवा सुटते. टिल्लू पंप लावणं चूकच आहे. पण तो लावणाऱ्याला विचारा. तो म्हणेल, बाजूच्यानं लावला म्हणून मी लावला.

आता पैशाचं बघू. तुमच्या पाण्याच्या बिलावर 'युनिट' लिहिलेलं असतं. एक युनिट म्हणजे एक हजार लिटर. घरगुती वापराच्या पहिल्या टप्प्यात त्या हजार लिटरला जो दर लागतो, तेवढ्या पैशात बाजारात धड एक जार येत नाही. वीस लिटरचा जार पंचवीस रुपयांना धरा. हजार लिटर म्हणजे पन्नास जार, साडेबाराशे रुपये. म्हणजे ज्याच्याकडे नळ आहे तो रुपयांत पाणी पितो, ज्याच्याकडे नाही तो शेकड्यांत. गरिबाला पाणी फुकट लागतं असं आपण सर्रास बोलतो. हिशोब केला तर उलटं निघतं. आणि हे फक्त आपल्याकडचं नाही. संयुक्त राष्ट्रांच्या २००६ च्या मानव विकास अहवालाचा विषयच पाणी होता. त्यात म्हटलंय, की झोपडपट्टीतली माणसं त्याच शहरातल्या श्रीमंतांपेक्षा एका लिटरमागे अनेकदा पाच ते दहा पट पैसे मोजतात. नैरोबी असो, मनिला असो की आमचा लेआऊट.

पैशाच्या पुढचा हिशोब अंगाचा. जल जीवन मिशन २०१९ मध्ये सुरू झालं, त्यात खेड्यातल्या माणसाला दिवसाला किमान ५५ लिटर धरलेत. शहरासाठी सरकारी मापदंड १३५ लिटरचा. खेड्यातली तहान शहरापेक्षा निम्म्याहून कमी कशी, हे मला अजून कुणी नीट समजावून सांगितलेलं नाही. तरी ५५ च धरू. पाच माणसांचं घर, २७५ लिटर. एका गुंडात साधारण पंधरा लिटर येतं. म्हणजे अठरा-एकोणीस फेऱ्या, प्रत्येक फेरीत पंधरा किलो, डोक्यावर नाहीतर कमरेवर. रोज. जिममध्ये जाता ना तुम्ही? एकदा करून बघा.

जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ मिळून जगाच्या पाण्याचा हिशोब ठेवतात. त्यांची एक अट मला फार आवडते. पाणी चांगल्या ठिकाणचं असलं, पण ते आणायला जाऊन, रांगेत थांबून, परत यायला तीस मिनिटांपेक्षा जास्त लागत असतील, तर ती 'मूलभूत सेवा' धरत नाहीत. म्हणजे त्यांनी वेळ मोजला. आमच्या टँकरच्या रांगेत तीस मिनिटं कधीच उलटून जायची. त्यांच्याच हिशोबानं २०२२ मध्ये जगात सुमारे २२० कोटी माणसांना घरात, हवं तेव्हा, शुद्ध पाणी मिळत नव्हतं. एवढा मोठा आकडा ऐकला की डोकं बंद पडतं. म्हणून मी तो ताईवरून समजून घेतो. त्या २२० कोटींत कितीतरी घरांत एक ताई असेल, जिचा क्लास पाचला आहे.

आता कुणी म्हणेल, निसर्गच तसा, पाऊसच नाही, काय करणार. मग अमरावती जिल्ह्यात चला, मेळघाटात. चिखलदरा आपलं थंड हवेचं ठिकाण, विदर्भात सगळ्यात जास्त पाऊस पडणाऱ्या भागांपैकी एक. त्याच चिखलदरा तालुक्यातल्या खडीमल गावाचे व्हिडिओ २०२२ च्या उन्हाळ्यात तुमच्याही फोनवर आले असतील. टँकर येतो, विहिरीत पाणी ओततो, आणि सगळं गाव विहिरीच्या काठावर वाकून दोर सोडतं. पावसाळ्यात धो धो पडलेलं पाणी डोंगरावरून वाहून गेलेलं असतं. ते अडवायला आणि गावापर्यंत आणायला खर्च कोणासाठी करायचा, हा निर्णय माणसांनी घेतलेला असतो.

आणि श्रीमंत देशांत? अमेरिकेतलं फ्लिंट शहर घ्या. एप्रिल २०१४ मध्ये खर्च वाचवायला शहराचं पाणी फ्लिंट नदीवरून घ्यायला सुरुवात झाली. पाइप गंजू नयेत म्हणून जी प्रक्रिया करावी लागते, ती केली नाही. जुन्या पाइपांतलं शिसं पाण्यात उतरलं, लेकरांच्या रक्तात गेलं. लोक बाटलीत पिवळं पाणी घेऊन सभांना जात होते आणि अधिकारी म्हणत होते, पाणी ठीक आहे. वस्ती गरीब, बहुसंख्य कृष्णवर्णीय. त्या देशात पाणी कमी होतं का? पैसा कमी होता का?

केपटाउनमध्ये २०१८ ला धरणं आटली. माणशी दिवसाला ५० लिटरची मर्यादा आली, जगभर बातम्या झाल्या. पण तिथल्या झोपडवस्त्यांत माणसं आधीपासूनच सामायिक नळावरून बादल्या भरत होती. त्यांच्यासाठी तो दिवस नवा नव्हता. बातमी तेव्हा झाली, जेव्हा बंगल्यातला नळ बंद व्हायची वेळ आली.

आपल्याकडेही असंच झालं, आठवतं का? जुलै २०१९. पाऊस लांबला, वरच्या अंगाला मध्य प्रदेशात चौराई धरण झाल्यानं पेंचला येणारं पाणी आधीच घटलेलं, तोतलाडोहचा उपयुक्त साठा संपला. नागपुरात एक दिवसाआड पाणी सुरू झालं. तेव्हा मी धरमपेठेत एका मित्राच्या फ्लॅटवर राहायचो. तिथं जमिनीखाली टाकी, गच्चीवर टाकी. आम्हाला कपात पेपरात वाचून कळली! घरी फोन केला तर आई म्हणाली, "दोन ड्रम आहेत, एक गळून राहिला." कपात सगळ्यांना सारखी होती. टाक्या सारख्या नव्हत्या.

थोडं मागे जाऊ. कारण महाराष्ट्रात पाणी आणि पत्ता यांचं नातं पाइप यायच्या कितीतरी आधीचं आहे. तेव्हा पत्ता म्हणजे जात होती. महाडचं चवदार तळं. १९२३ मध्ये मुंबई विधिमंडळात बोले यांचा ठराव झाला, की सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले असावेत. १९२४ मध्ये महाड नगरपालिकेनंही तसं ठरवलं. कागदावर तळं खुलं झालं. पण तिथं जायची सोय नव्हती. २० मार्च १९२७ ला बाबासाहेब हजारोंसोबत तळ्यावर गेले आणि ओंजळभर पाणी प्यायले. त्यानंतर लोकांना मारहाण झाली, तळ्याचं 'शुद्धीकरण' झालं, खटला चालला. मुंबई उच्च न्यायालयाचा निकाल कधी लागला? १७ मार्च १९३७. ओंजळभर पाण्यासाठी दहा वर्षं. दीक्षाभूमीच्या शहरात राहणाऱ्या आपल्याला हे माहीत असायलाच पाहिजे. हे सगळं जुनं झालं असं वाटत असेल, तर २०१६ ची वाशिम जिल्ह्यातली बातमी शोधा. बायकोला दुसऱ्याच्या विहिरीवर पाणी भरू दिलं नाही, म्हणून एका दलित मजुरानं दिवसाची मजुरी सांभाळून एकट्यानं विहीर खणली, आणि पाणी लागल्यावर सगळ्यांना भरू दिलं.

कायद्याच्या बाजूनं बघितलं तर आपण बरेच पुढे आलोय. २८ जुलै २०१० ला संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेनं पाणी आणि स्वच्छता हा मानवी हक्क मानला. आणि आपल्यासाठी त्याहून जवळचा निकाल म्हणजे डिसेंबर २०१४ चा, मुंबई उच्च न्यायालयाचा. पाणी हक्क समिती कोर्टात गेली होती. २००० नंतरच्या झोपड्यांना मुंबई महापालिका पाणी देत नव्हती. कोर्टानं सांगितलं, की पाणी हा घटनेच्या कलम २१ मधल्या जगण्याच्या हक्काचा भाग आहे. झोपडी बेकायदा असेल, पण त्यातल्या माणसाला पाणी नाकारता येणार नाही. हे वाक्य आमच्या लेआऊटमधल्या माणसाला माहीत नव्हतं. तो पंधरा वर्षं हात जोडून पाणी मागत राहिला. त्याला वाटायचं, आपला कागदच कच्चा आहे, आपण कशाच्या तोंडानं बोलणार.

आता जरा आपल्याकडेही बोट वळवतो, कारण नागपूरकर म्हणून आपण फक्त सोसणारे नाही. आपण पेंचचं पाणी घेतो. वापरून झालं की त्यातलं बरंच नाग नदीत सोडतो. नाग पुढे कन्हानला मिळते, कन्हान वैनगंगेला, आणि तिथून ते पाणी गोसीखुर्दच्या जलाशयात. खालच्या गावांनी, भंडाऱ्याच्या माणसांनी वर्षानुवर्षं ओरड केलीय, की नागपूरची घाण आमच्या नदीत येते. आपल्याला धरणातून स्वच्छ येतं, त्यांना आपल्याकडून. चांगलं काम झालंच नाही असं नाही. भांडेवाडीला सांडपाणी शुद्ध करून वीज केंद्रांना दिलं जातं, त्यामुळे पिण्याचं पाणी वाचतं. नाग नदीसाठी सुमारे १,९२७ कोटींची योजना मंजूर आहे. पण ती पुरी होईपर्यंत खालच्या गावासाठी आपण कुंभाजवळचं घर आहोत, टिल्लू पंप लावलेलं.

मग आपण काय करायचं? दात घासताना नळ बंद ठेवा, हे मी सांगणार नाही, ते तुम्हाला शाळेत सांगितलंय. तीन कामं सांगतो.

एक, सात दिवस पाण्याची नोंद ठेवा. फोनमध्येच. नळ किती वाजता आला, किती वेळ, पहिलं पाणी कसं होतं, आणि ते कुणी भरलं. ही चौथी गोष्ट विसरू नका. तुमच्या गल्लीतल्या दहा घरांनी अशी नोंद केली, तर झोन ऑफिसमध्ये बोलताना तुमच्याकडे आकडे असतील.

दोन, माहिती अधिकारात अर्ज करा. आमच्या वस्तीत लाइन मंजूर आहे का, निधी कधीचा आहे, काम कुठं अडलं? एका पानाचा अर्ज असतो. विनंती म्हणून नाही, हक्क म्हणून विचारा. २०१४ च्या निकालाची प्रत जोडली तर उत्तमच.

तीन, तुमच्या बिल्डिंगमध्ये धुणं-भांडी करायला मावशी येतात, वॉचमन काका असतात. त्यांना एकदा विचारा, तुमच्याकडे पाणी कसं येतं? त्या दिवसभर आपल्या नळाखाली भांडी घासतात आणि घरी जाऊन रांगेत उभ्या राहतात.

हा भाग रेकॉर्ड करायच्या आधी ताईला फोन केला. तिला सांगितलं, तुझ्याबद्दल बोलणार आहे, चालेल का? आता तिच्याकडे नळ आहे. सकाळी तासभर येतो. तिची मुलगी यंदा दहावीला आहे. मी म्हटलं, तेव्हा पाणी नव्हतं म्हणून तुझं गणित राहिलं, असं सांगू का? तर म्हणाली, "पाणी नव्हतं असं नको सांगजो. पाणी होतं ना. आपल्या गल्लीत येत नव्हतं. अन् तू एक दिवस तरी उभा राहिला असता लाइनीत, तर मी क्लासले गेली असती."

माझ्याकडे याला उत्तर नव्हतं. अजूनही नाही. सुरुवातीला विचारलं होतं ना, आज नळ किती वाजता आला. ज्याला आठवत नाही, त्याच्या वाटचं पाणी कुणीतरी भरून ठेवतंय. माझ्या वाटचं ताईनं भरलं. सातही दिवसांची नोंद झाली की मला पाठवा, पुढच्या एखाद्या भागात त्यावर बोलू.

भेटू. काळजी घ्या, आणि उद्या सकाळी नळ आला की तुम्ही उठा.